तगरीखालची माती

दिवाळीत मातीचा किल्ला करायचा ही आमच्या घराची रीत. बडोद्यात आमची ही तिसरी पिढी. आजोबा रेल्वेत, वडील रेल्वेत, मी रिफायनरीत. तीन पिढ्यांत आमच्या मराठीत निम्मं गुजराती शिरलं, वरणात गूळ शिरला, पण किल्ला सुटला नाही. मुलगा लहान होता तेव्हा त्याच्या नावावर करत होतो. तो पुण्याला गेला तरी मी करतच राहिलो. आता मी फोटो पाठवतो आणि तो मोबाइलवर अंगठा दाखवतो.

तर त्या वर्षी सोसायटीच्या सेक्रेटरीने मला किल्ला करायला मनाई केली. पार्किंगमध्ये नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि त्यांच्यावर मातीचे डाग पडतात, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, बाबा रे, मातीचा डाग पाण्याने जातो, तुमच्या गाड्यांच्या ऑइलचा जात नाही. पण त्याने ठराव करून टाकला होता. बासष्ट वर्षांच्या माणसाने किल्ल्यासाठी किती भांडायचं यालाही मर्यादा असते. मी ती मर्यादा ओलांडून आणखी थोडं भांडलो आणि मग निसर्ग केंद्राकडे मोर्चा वळवला.

निसर्ग केंद्र म्हणजे समा भागाच्या पुढे, कालव्याच्या अलीकडे एका ट्रस्टची जुनी रोपवाटिका आहे, ती. एक खोली, एक पत्र्याची शेड, एक तळं आणि चारशे-पाचशे झाडं. निवृत्त झालो त्या वर्षी बायकोनेच मला तिकडे पाठवलं. घरात बसून माझ्या फोडणीत मोहरी किती पडते ते बघत बसू नका, म्हणाली. गेलो तो रमलो. तिथे कुणी कुणाला हुद्दा विचारत नाही. रविवारी सकाळी रोपांना पाणी, मग चहा, मग भांडणं, असा कार्यक्रम असतो. आणि सणही सगळे तिथेच होतात. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, मांज्याने कापलेले पक्षी आणतात, तेव्हा आम्ही हळद आणि कापूस घेऊन बसतो. गणपतीत टाकी भरून ठेवतो, आजूबाजूच्या सोसायट्यांचे शाडूचे गणपती त्यात विसर्जन होतात. नवरात्रात मात्र केंद्र ओस पडतं. रात्रभर गरबा खेळलेला माणूस सकाळी झाडाला पाणी घालायला येईल, ही अपेक्षा बडोद्यात कुणी करत नाही.

आणि केंद्रात पतंग बघतात. उत्तरायणातले नव्हेत, दिव्यावर येतात ते. दोन कडुनिंबांच्या मधे पांढरी चादर बांधायची, मागे दिवा लावायचा आणि चादरीवर कोण कोण येऊन बसतं ते वहीत लिहायचं. लिहायचं काम माझं. रिफायनरीत शिफ्टचं लॉगबुक लिहून अक्षर चांगलं राहिलंय. ओळखायचं काम बेनचं.

बेन म्हणजे आमच्या केंद्रातल्या सगळ्यात जुन्या सभासद. शाळेत विज्ञान शिकवायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी कॅनडात. राहायला गोत्रीला, पण जन्म पाणीगेटचा. लहानपणी शेजारी सगळी मराठी घरं, त्यामुळे मराठी अशी बोलायच्या की माझी बायको म्हणायची, तुमच्यापेक्षा त्यांचं शुद्ध आहे. फक्त राग आला किंवा गहिवर आला की गुजरातीत जायच्या. पहिल्याच दिवशी मला त्यांनी भाऊ म्हणून हाक मारली. मला बहीण नाही. मला ते आवडलं होतं.

त्या वर्षी बेन कायमच्या चालल्या होत्या. मुलीने कागदपत्रं केली होती, गोत्रीचा फ्लॅट विकला गेला होता. भाऊबीजेच्या संध्याकाळी टॅक्सीने अहमदाबाद आणि तिथून विमान. मुलीने बोलावलं, नातवंडं आहेत, गुडघे दुखतात, सगळं बरोबरच होतं. तरी बेन त्याबद्दल बोलताना बदलीची ऑर्डर वाचल्यासारख्या बोलायच्या.

त्यांची एकच गोष्ट राहिली होती. दरवर्षी पावसाळा संपताना केंद्रातल्या तगरीवर एका मोठ्या हिरव्या पतंगाच्या अळ्या येतात. अंगठ्याएवढी जाड अळी, आणि डोक्यामागे निळे दोन ठिपके, डोळे वटारल्यासारखे. बेन त्या अळ्या बरणीत पाळायच्या, रोज तगरीची पानं घालायच्या. अळी मोठी झाली की खाणं सोडते, काळपट पडते आणि जमिनीवर उतरते. पाचोळ्यात, मऊ मातीत शिरून कोष करते. दोनेक आठवड्यांनी त्यातून पतंग निघतो. बेनने वीस वर्षं अळ्या पाळल्या, पण पतंग बाहेर निघताना एकदाही बघितला नव्हता. कधी त्या शाळेत असायच्या, कधी झोपलेल्या, कधी दूध आणायला गेलेल्या. डबा उघडावा तर आत रिकामं टरफल, आणि पतंग पडद्यावर जाऊन बसलेला. वीस वर्षं टरफलंच गोळा केली मी, असं म्हणायच्या आणि हसायच्या. या वर्षी त्यांनी ठरवलं होतं की काही झालं तरी समोर बसून बघायचंच.

मी एकदा म्हणून गेलो, तिकडे कॅनडात पतंग नसतात का? त्या म्हणाल्या, "असतील की. पण त्यांना मी कुठे पाळलंय?"

कोजागिरी केंद्रात जोरात झाली. आमचं मसाला दूध आणि त्यांचे दूध-पौंआ, म्हणजे दुधातले पोहे, दोन्ही पातेली चांदण्यात ठेवली. पतंगांची चादरही बांधली होती. पौर्णिमेच्या रात्री दिव्यावर पतंग फारसे येत नाहीत हे बेन दरवर्षी सांगतात. तरी दरवर्षी आम्ही त्याच रात्री चादर बांधतो, कारण माणसं त्याच रात्री येतात. जे चार पतंग आले, त्यांतला एक माझ्या दुधात पडला. बेनने तो चमच्याने काढला, फुंकर घालून पानावर ठेवला आणि दूध मला परत दिलं. त्यांच्या बरणीत तेव्हा सात अळ्या होत्या. चार काळपट पडायला लागल्या होत्या. दरवर्षी अशा अळ्या त्या घरी नेऊन डब्यात ठेवायच्या, तेव्हा याही वर्षी तसंच करतील असं मी धरून चाललो. घर विकलं गेलंय हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

पुढच्या रविवारी मीटिंगमध्ये मी किल्ल्याचा विषय काढला. आमचे प्रमुख निवृत्त इंजिनियर आहेत. माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणायचं आणि मग ऐकायचं, अशी सवय. ते म्हणाले, निसर्ग केंद्रात किल्ला कशाला? मी म्हटलं, माती काय प्लास्टिकची असते? ते म्हणाले, आज किल्ला, उद्या कुणी म्हणेल मंडप बांधू. माझं डोकं फिरलं. मी बेनकडे बघितलं. म्हटलं, या तरी दोन शब्द बोलतील. तर बेन मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधत बसलेल्या. मला वाटलं, यांनाही पटत नाही आणि तोंडावर सांगवत नाही. मग मी काय थांबतोय. उठलो, चप्पल घातली आणि बाहेर आलो. गेटपाशी स्कूटरला टेकून मोबाइल काढला आणि केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलो. तेवढ्याने बरं वाटलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, शाळेतली मुलंसुद्धा आता असं करत नाहीत.

दोन दिवसांनी केंद्राच्या माळ्याचा फोन आला. किल्ल्याला परवानगी मिळालीय, पाठीमागच्या भिंतीजवळची जागा दिलीय, मी दिवाळीला गावी चाललोय, चावी नेहमीच्या जागी आहे. एवढंच. कुणी परवानगी दिली ते मी विचारलं नाही. मी जिंकलो असं धरून चाललो.

वसुबारसेला काम सुरू केलं. विटा शेडमागे होत्या, पोती घरून नेली. बेन त्या आठवड्यात बँक, सामान, फ्लॅटच्या चाव्या यांत अडकलेल्या, केंद्रात फिरकल्याच नव्हत्या. किल्ल्याची रीत अशी की विटा-दगड रचायचे, त्यावर माती ओतून डोंगराचा आकार घ्यायचा, वर चिखलात बुडवलेली पोती पसरायची, पुन्हा चिखलाचा हात फिरवायचा आणि त्यावर अळीव पेरायचे, म्हणजे दोन दिवसांत हिरवळ येते. आतल्या भरावाला माती लागते घमेल्यावारी. तळ्याकडची माती चिकट. आणि भिंतीजवळच्या जुन्या तगरीखाली बघतो तर काय, चाळून ठेवल्यासारखी माती, वर कोरडा पाचोळा. पुरणासारखी मऊ. माळ्याने खत करून ठेवलं असणार असं मी मनाशी म्हटलं, आणि इतकी आयती माती मिळाली म्हणून खूश झालो. फावडं मारलं, घमेली भरली, पाचोळ्यासकट ओतली. मातीत बघितलं नाही. किल्ला करताना माणूस वर बघतो, बुरूज कुठे येईल ते.

किल्ला झाला मात्र फक्कड. दोन बुरूज, एक माची, तळ्याच्या कडेच्या शेवाळाची शेतं, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याचा दरवाजा. नरकचतुर्दशीला अळीव उगवून आले. वडिलांच्या वेळचे मातीचे मावळे डब्यातून काढून जागोजाग उभे केले, महाराजांना वर बसवलं. आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या मराठी घरांना निरोप दिले, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलांना घेऊन या म्हणून. सेक्रेटरीलाही निरोप दिला. तो मुद्दाम दिला.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी केंद्रात फराळ असतो. आमच्या चकल्या, त्यांचे मठिया आणि घुघरे. मी नऊ वाजताच हजर होतो, किल्ल्याजवळ, जो येईल त्याला माची दाखवत. थोड्या वेळाने बेन आल्या. हातात घडीची खुर्ची, खांद्याला थर्मास, गळ्यात चष्मा. मला म्हणाल्या, वा भाऊ, आणि किल्ल्याकडे नीट बघून हसल्या. मग खुर्ची घेऊन तगरीकडे गेल्या. तिथे खड्डा होता.

त्यांनी वाकून खड्ड्यात बघितलं. मग खुर्ची जमिनीवर ठेवली आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊ, इथली माती कुठे गेली?"

मी सांगितलं. सांगताना अजून माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्यामुळे जरा ऐटीतच सांगितलं, की सगळी भरावात गेली, काय सुंदर माती होती. बेनचा चेहरा बघितला आणि तेव्हा कुठे माझी जीभ थांबली. सातही अळ्या त्यांनी तिथे उतरवल्या होत्या. घर नव्हतं, डबा ठेवायला जागा नव्हती, म्हणून स्वतःच्या हाताने माती चाळून बिछाना केला होता. पाटी लावली तर मुलं उकरतील म्हणून पाटी लावली नव्हती.

मी उगाच म्हटलं, मला कुणी सांगितलंच नाही. त्या म्हणाल्या, ग्रुपवर लिहिलं होतं, तगरीचा कोपरा सोडून कुठलीही माती घ्या. मी म्हटलं, मी ग्रुपमध्ये नाही. "मने खबर छे," त्या म्हणाल्या. माहीत आहे मला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मी उलट चार शब्द बोलून मोकळा झालो असतो.

दिवसांचा हिशेब मला तिथल्या तिथे लागला. कोजागिरीला उतरलेल्या अळ्या, आज पंधरावा दिवस. वर पोती, पोत्यांवर वाळून कडक झालेला चिखल. आत पतंग निघाला तरी बाहेर येणार नव्हता. मी म्हटलं, आत्ता फोडतो. बेनने मान हलवली. संध्याकाळी मुलं येणारेत, त्या म्हणाल्या, दिवाळीच्या दिवशी किल्ला फोडायचा नसतो, तुम्हीच सांगितलं होतंत मागे. राहू दे, भाऊ. खरंच मी सांगितलं होतं. आमच्याकडे तुळशीचं लग्न होईपर्यंत किल्ल्याला हात लावत नाहीत. मग त्या खुर्ची तिथेच ठेवून, फ्लॅटची शेवटची चावी द्यायला जायचंय असं सांगून निघून गेल्या. फराळ घेतला नाही.

मी आमच्या प्रमुखांकडे गेलो. त्यांना म्हटलं, माझ्या हातून असं झालं. ते चकली खात होते. ती खाली ठेवून म्हणाले, "किल्ल्याची जागा तुम्हाला मिळाली कशी, ठाऊक आहे? तुम्ही तणतणत गेलात आणि बेन अर्धा तास माझ्याशी भांडल्या." बेनने त्यांना सांगितलं होतं की हा माणूस लहानपणापासून दिवाळीत मातीत हात घालतोय, त्याला जागा नाही दिली तर आपण केंद्र कशाला चालवतो. आणि पिशवीत त्या काय शोधत होत्या? चष्मा. माझा किल्ला कागदावर काढून दाखवायला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागाने माझं आयुष्यात बरंच नुकसान झालंय, पण ते माझं माझं होतं. या बाईची एकच गोष्ट राहिली होती आणि तीही मी माझ्या हाताने गाडून वर अळीव पेरले होते.

रीत गेली खड्ड्यात. मी महाराजांना उतरवलं, मावळ्यांना डब्यात घातलं आणि किल्ला फोडला. पोती कापून काढली. फावडं घ्यायची हिंमत नव्हती. फराळाच्या ताटातला मोठा चमचा घेतला आणि मातीत चमच्याने शोधायला बसलो. लोक बघत होते. कुणीतरी मदतीला आलं, त्याला मी हात लावू दिला नाही. दोन तास लागले.

पहिला कोष सापडला तो मेलेला, काळा, मुंग्या लागलेला. मग दोन एकत्र सापडले, चांगले. तपकिरी, बोटाएवढे लांब. हातात घेतले तर शेपटीकडून वळवळले. ते मी सावलीत पानावर ठेवले. मग विटेच्या खालून आणखी दोन निघाले. ते चिरडलेले होते. एकावर फावड्याचा घाव सरळ दिसत होता. त्यांची टरफलं पातळ झाली होती आणि आतून पंख दिसत होते, घडी घातलेले, ओले, हिरवे, वर गुलाबी रेघ. घाव बसल्यावरही ते आत वाढत राहिले असावेत, सगळं तयार होतं. मी पतंगांमधला जाणकार नाही, पण तीन वर्षं बेनच्या शेजारी बसून वही लिहिलीय. पंखांवर रंग चढला की एखाद्या दिवसात पतंग निघतो, एवढं मला कळतं. ते दोघे त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या सकाळी निघाले असते, आणि बेन समोर खुर्ची टाकून बसल्या असत्या.

ते दोन्ही मी तळ्याकाठी खोल पुरले. उरलेले दोन सापडलेच नाहीत. नळावर हात धुतले, साबण लावून दोनदा, आणि बेनना फोन केला. त्या तासाभरात आल्या. मी सांगितलं, दोन जिवंत आहेत, एक मेलेला सापडला, बाकीचे मिळाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग किल्ल्याच्या जागी पडलेल्या ढिगाऱ्याकडे बघितलं. फराळाच्या रिकाम्या डब्यात पाचोळा घातला, दोन्ही कोष ठेवले आणि मधे एक खरबरीत काटकी तिरकी उभी केली. पतंग निघाला की त्याला वर चढायला आधार लागतो, नाहीतर पंख नीट उघडत नाहीत, असं मला समजावून सांगितलं.

संध्याकाळी मुलं आली. किल्ला कुठे विचारू लागली. शत्रूने पाडला, मी म्हटलं. सेक्रेटरीही आला होता. ढिगाऱ्याभोवती एक फेरी मारून तो गेला, आणि मला भांडावंसं वाटलं नाही.

पाडव्याला आणि भाऊबीजेला बेन सकाळपासून डब्यासमोर बसून होत्या. लोक भेटायला यायचे, पाया पडायचे, डोळे पुसायचे, त्यांच्याशी बोलतानाही यांची नजर डब्यावर. मीही बाजूला बसत होतो. कोष तसेच तपकिरी, रंगाचा पत्ता नाही. हे नंतर उतरलेले होते, त्यांना अजून वेळ होता. भाऊबीजेला चार वाजता टॅक्सी आली. बेनने पर्समधून कुंकवाची डबी काढली. म्हणाल्या, आमच्याकडे भाई बहिणीच्या घरी जेवायला जातो, पण मला आता घर नाही, इथेच ओवाळते. तबक नव्हतं, चहाची बशी घेतली. टिळा लावला, तोंडात पेढा घातला, माझा उजवा हात धरून थोडा वेळ तसाच ठेवला. ओवाळणी म्हणून मी पाकीट काढलं तर त्यांनी ते खाली ढकललं.

"मला ओवाळणी वेगळी द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा इथे. व्हिडिओ काढायचा नाही. डोळ्यांनी बघा आणि मला तोंडाने सांगा."

मी बसलो. चौथ्या दिवशी एका कोषावर हिरवट छटा आली. पाचव्या दिवशी पहाटे साडेपाचला स्कूटरवरून केंद्रात पोचलो, बायको डबा भरून द्यायला उठली आणि काही बोलली नाही, हे विशेष. सात वाजायच्या सुमारास कोष हलला. दहाव्या मिनिटाला मी त्यांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ की दहा झाले होते. पहिल्या घंटेला उचलला. म्हणाल्या, झोप येतच नाही इथे, बोला.

मी बोललो. डोक्यामागे चीर पडली, सांगितलं. आधी डोकं आलं, मग पुढचे पाय, पाय टरफलाच्या कडेवर टेकवून तो थांबला. धापा टाकल्यासारखं पोट वरखाली होत होतं. मग सगळा एकदम बाहेर. पंख कुठेच नाहीत, नुसती ओल्या फडक्याची चुरगळलेली दोन बोटं. काटकीला धरून वर चढला, एकदा घसरला. तेव्हा बेन म्हणाल्या, हात नका लावू. मी लावणार नव्हतो. पुन्हा चढला, उलटा लटकला. आणि मग पंख उतरायला लागले. बघता बघता चुण्या सुटत गेल्या, हिरवा आला, गडद हिरवा आला, मधे ती गुलाबी रेघ आली. ती रेघ मी आधी बघितली होती. मी सांगायचा थांबलो.

बेन वाट बघत होत्या. पलीकडून कुठल्यातरी हीटरची घरघर ऐकू येत होती.

मी म्हटलं, बेन, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी बाकीचे मिळाले नाहीत म्हणालो, पण त्यांतले दोन मिळाले होते. फावड्याने गेले होते. त्यांचे पंख तयार होते, ते त्याच रात्री निघाले असते. मी तुम्हाला सांगितलं नाही.

 काटकीवरचा पतंग पंख हळूहळू हलवून वाळवत होता.

"मने खबर छे, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगठ्याच्या नखात हिरवं राहिलं होतं. भाऊबीजेलाही होतं."

मी अंगठ्याकडे बघितलं. आता काही नव्हतं. मला एवढंच आठवलं, की ओवाळताना हाच हात त्यांनी धरला होता, आणि लवकर सोडला नव्हता.

"आता पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या. "चीर पडली तिथून. सावकाश सांगा, मला कुठे जायचं नाहीये."